घरट्याचा पत्ता कुणाला सांगायचा?

मैत्रिणींनो, आधी एक साधा प्रश्न. समजा, तुमच्या परसातल्या जुन्या आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याच्या जोडीने घरटं केलं. पिंगळा म्हणजे ते मूठभर आकाराचं घुबड हो! दिवेलागणीला जोडी फांदीवर येऊन बसते, मान वाकडी करून तुमच्याकडे टकामका बघते. काही दिवसांनी आतून पिल्लांची कुरकुर ऐकू येते. आता सांगा, ही बातमी तुम्ही कुणाकुणाला द्याल? शेजारणीला? भिशीतल्या बायकांना? मुलांच्या शाळेत? की कुणालाच नाही?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण नागपुरातल्या आमच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींमध्ये यावरून चांगलीच वादावादी झाली. आमचा गट लहानसा, पंधरा-सोळा जणांचा. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, दोन डॉक्टर, कॉलेजची काही मुलं आणि आम्ही चार बायका. रविवारी पहाटे कधी अंबाझरी, कधी गोरेवाडा, कधी भंडाऱ्याकडचा एखादा तलाव. बरोबर थर्मासमध्ये चहा, परतताना तर्री-पोहे. कुठे काय दिसलं, ते फोनवरच्या आमच्या ग्रुपवर टाकायचं. हा ग्रुप मात्र बंद! ओळखीशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही, असा अलिखित नियम.

वादाचं कारण ठरला भंडारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा फोन. "ताई, आमच्या महिला मंडळातल्या वीसेक बायकांना पक्षी बघायला यायचं आहे. नेता का?" मी आनंदाने हे सगळ्यांना सांगितलं, तर निम्मे लोक गप्प आणि उरलेले नाराज. "वीस बायका म्हणजे गप्पा आल्या, डबे आले. पक्षी कसे थांबतील?" एक जण म्हणाले. दुसरे म्हणाले, "आज वीस येतील, उद्या दोनशे. आणि मग आपल्या जागांचं काय होईल?"

मला राग आलाच. पण शांतपणे विचार केल्यावर जाणवलं, की नाही म्हणणाऱ्यांची भीती अगदीच खोटी नाही.

भीती कशाची?

घुबडांचंच घ्या. दिवाळीच्या सुमारास आपल्या देशात जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात, विकली जातात. घरट्याचा पत्ता चुकीच्या माणसाच्या कानावर गेला, की ती जोडी संपलीच म्हणून समजा.

ज्यांच्या मनात काहीही वाईट नाही, अशांचाही त्रास होतो. फोटोच्या नादात लोक घरट्यासमोरची फांदी बाजूला बांधतात, म्हणजे उजेड नीट यावा! पण तीच फांदी पिल्लांची सावली असते आणि कावळ्याच्या नजरेपासूनचा आडोसाही. आपल्या विदर्भातलं एप्रिल-मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. काही जण मोबाइलवर त्या पक्ष्याचाच आवाज वाजवतात. बिचाऱ्या नराला वाटतं, दुसरा कुणीतरी आपल्या हद्दीत घुसला. सगळं सोडून तो भांडायला बाहेर येतो आणि यांचा फोटो होतो. असं दिवसातून दहा वेळा झालं, तर त्याने चारा कधी आणायचा?

नीलपंखाची गोष्ट तर फारच बोलकी आहे. आपल्याकडे बरेच जण त्याला नीळकंठ म्हणतात. तारेवर बसला तर मळकट दिसतो, पण उडाला की पंखांत निळाईच निळाई. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. किती सुंदर श्रद्धा! पण काही राज्यांत याच श्रद्धेपायी हा पक्षी आधीच पकडून ठेवतात, पंख बांधतात आणि दसऱ्याच्या दिवशी पैसे घेऊन लोकांना 'दर्शन' घडवतात. त्यात कितीतरी पक्षी मरतात. बघणाऱ्याच्या मनात भक्ती आणि पक्ष्याच्या नशिबी फास. बघणारे वाढले म्हणजे पक्ष्याचं भलंच होतं, असं नाही, हे मान्य करायलाच हवं.

पण लपवल्याने तरी काय साधतं?

आता दुसरी बाजू. ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि एखाद्या रहस्यकथेला लाजवेल अशी आहे.

रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड फक्त मध्य भारतात सापडतं. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. त्यानंतर १८८४ पर्यंत मोजके नमुने मिळाले आणि पुढे पक्षी जणू गायबच झाला. एकच नंतरचा नमुना होता, १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याचा. तो रिचर्ड माइनर्टझागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. त्याच्या त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून पुढचे शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत बसले. खरी गोष्ट काय होती? या गृहस्थाने ब्रिटिश संग्रहालयातला, खानदेशात फार पूर्वी मिळालेला नमुना चोरला होता आणि त्यावर स्वतःच्या नावाची, खोट्या ठिकाणाची चिठ्ठी लावली होती!

पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने जुने नमुने तपासताना संशय घेतला. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून त्या सहकाऱ्यांबरोबर जुन्या, खऱ्या ठिकाणांच्या मागावर निघाल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी खानदेशात शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे फराह इश्तियाक आणि डॉ. असद रहमानी यांच्या पाहणीत तो आपल्या मेळघाटातही असल्याचं समोर आलं. म्हणजे हा पक्षी कुठे गेलाच नव्हता. एका हौशी माणसाच्या मोठेपणाच्या हव्यासामुळे आपण त्याला चुकीच्या ठिकाणी शोधत होतो.

मला यात आणखी एक गोष्ट खुपते. एवढ्या वर्षांत मेळघाटातल्या कोरकू बायका सरपणाला, मोहाला रानात जातच होत्या. हे पाखरू त्यांच्यापैकी कुणी पाहिलंच नसेल का? त्यांना कुणी विचारलं होतं का?

ज्यांना ठाऊक होतं, ते गटात नव्हते

मारुती चितमपल्लींचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. सोलापूरचा हा माणूस वनखात्याच्या नोकरीत विदर्भात आला आणि इथलाच झाला. नागपुरातही त्यांनी कितीतरी वर्षं काढली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. त्यांनी पक्ष्यांची माहिती फक्त इंग्रजी पुस्तकांतून घेतली नाही. नवेगावबांधसारख्या ठिकाणी राहून आदिवासी, कोळी, वाटाडे यांच्याकडून ते शिकले. त्यांच्या बोलीतली नावं त्यांनी टिपून ठेवली आणि ती आपल्याला मराठीत परत दिली. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' म्हणायला आपण त्यांच्यामुळेच शिकलो. हा केवढा मोठा दरवाजा त्यांनी उघडला! त्याआधी पक्षी ओळखायचे म्हणजे इंग्रजी यायलाच हवं, असा समज होता.

सारसाचं उदाहरण तर आणखी जवळचं. माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा हा पक्षी महाराष्ट्रात उरला आहे तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडे, तोही अगदी मोजका. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, इतकी परिस्थिती नाजूक. हा पक्षी पावसाळ्यात घरटं करतो ते भाताच्या बांधीत, अंडी साधारण दोन. आता विचार करा, त्या बांधीत रोवणी कोण करतं? निंदण कोण करतं? बायाच ना! सारसाच्या घरट्याचा पत्ता लपवायचा तरी कुणापासून? तो त्यांना आपल्या आधीच माहीत असतो. शेतमालकाने आणि त्या बायांनी ठरवलं, तरच पिल्लू उडेपर्यंत जगतं. म्हणूनच तिथल्या सारस गणनेत आणि घरटी राखण्यात गावकऱ्यांना सोबत घेतलं जातं. शहरातून दुर्बीण लटकवून जाणारे आपण महिन्यातून एकदा जाणार. रोज तिथे असणाऱ्या बाईला आपण 'बाहेरची' म्हणायचं?

हरगिलाचं डोहाळजेवण

आसाममध्ये पूर्णिमा देवी बर्मन यांनी नेमकं हेच ओळखलं. हरगिला हा तिथला मोठा करकोचा. दिसायला कुरूप, मेलेलं खाणारा, घाण वासाचा. कामरूप जिल्ह्यातल्या गावांत लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर त्याची घरटी असायची आणि घाणीला कंटाळून लोक झाडंच तोडायचे. पूर्णिमाताई संशोधक. पण आपला अभ्यास आणि आपला गट एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्या थेट गावातल्या बायकांच्या स्वयंपाकघरात शिरल्या. पक्ष्यांच्या विणीच्या काळात त्यांनी चक्क हरगिलाचं डोहाळजेवण सुरू केलं! गाणी, पूजा, गोडधोड. बायका हातमागावर हरगिलाची नक्षी विणायला लागल्या, त्यातून चार पैसे मिळू लागले. आज 'हरगिला आर्मी'त दहा हजारांवर बायका आहेत. २०२२ मध्ये पूर्णिमाताईंना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरणाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २०२३ मध्ये हा पक्षी जागतिक यादीत 'संकटग्रस्त' या वर्गातून दोन पायऱ्या सुरक्षित बाजूला सरकला. घरट्याचा पत्ता साऱ्या गावाला माहीत होता, म्हणूनच घरटं वाचलं.

मोजायला माणसं लागतात

अजून एक व्यवहाराची गोष्ट. पक्षी वाढले की घटले, हे कळणार कसं? दोन-चार शास्त्रज्ञ सगळा देश थोडेच फिरणार? २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल आला. त्यात ९४२ जातींचा अभ्यास आहे आणि तो उभा आहे सुमारे ३० हजार हौशी पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींवर. आपला नीलपंख घटतोय, त्याच्या धोक्याच्या श्रेणीचा फेरविचार करा, असं या अहवालात सुचवलं आहे. त्याआधीच्या २०२० च्या अहवालातून चिमण्यांबद्दल कळलं, की मोठ्या महानगरांत त्या घटल्या, पण देशभरात एकूण टिकून आहेत. हे सगळं कुणी पाहिलं? तुमच्या-माझ्यासारख्यांनीच, गच्चीवरून आणि रस्त्याच्या कडेने. चिमणी, साळुंकी, बुलबुल यांचे पत्ते काही गुपित नसतात. तिथे जितके डोळे वाढतील, तितकं चांगलंच.

आपल्या शेजारच्या वर्ध्याने तर कमालच केली. २०१८ मध्ये तिथल्या निसर्गप्रेमींनी शहराचा पक्षी कोणता असावा, यासाठी चक्क निवडणूक घेतली. उमेदवार पक्षी, त्यांचा प्रचार, मतपेट्या, सगळं कसं साग्रसंगीत! शाळेतल्या मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत हजारोंनी मतदान केलं आणि नीलपंख निवडून आला. एरवी दसऱ्याच्या 'दर्शना'साठी पकडला जाणारा पक्षी इथे शहराचा लाडका झाला. लोकांपर्यंत तो कसा पोहोचवला, यानेच सगळा फरक पडला.

आपल्यासाठी दार बंदच असतं

आता थोडं आपल्याबद्दल. पक्षी बघण्याचा छंद बायकांपर्यंत कमी पोहोचतो, त्याला कारणं आहेत. पहाटे पाचला घराबाहेर पडायचं, तर डब्याचं काय, नळाचं काय? गावाबाहेरच्या तलावावर एकटीने जायचं, तर घरचे नाही म्हणणार. त्यांचंही अगदीच चूक नाही. दुर्बीण मागितली तर "तिचं काय काम?" आणि कॅमेऱ्याच्या लेन्सची किंमत विचारूच नका, त्यात एक स्कूटी येते. वर गटातली चर्चा अर्धी इंग्रजी नावांची. नवी बाई दोन रविवार येते, कोपऱ्यात उभी राहते आणि तिसऱ्या रविवारी येत नाही. कुणी तिला हाकललेलं नसतं. पण "ये, इथून बघ" असं म्हणून कुणी दुर्बीणही तिच्या हातात दिलेली नसते.

आणि बायकांना यात गती नसते, असं तर मुळीच नाही. रांचीच्या जमाल आरा यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती. पण छोटा नागपूरच्या जंगलांत हिंडून त्यांनी पक्ष्यांवर डझनावारी अभ्यासपूर्ण लेख लिहिले. १९७० मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचं मुलांसाठीचं पक्षीनिरीक्षणाचं पुस्तक काढलं. आज त्यांना भारतातली पहिली पक्षीनिरीक्षक स्त्री म्हणतात. मधली कित्येक वर्षं मात्र त्यांचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. एखादं दार त्यांच्यासाठी वेळेवर उघडलं असतं तर?

बारसं आणि बाळंतिणीची खोली

आमच्या वादावर शेवटी तोडगा निघाला, तो आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकूंच्या एका वाक्याने. काकू म्हणाल्या, "अरे, बारशाला आपण सगळं गाव बोलावतो. पण बाळंतिणीच्या खोलीत सगळ्यांना सोडतो का?"

झालं! एवढंच तर सांगायचं होतं. बारशाला कुणालाही नाही म्हणायचं नाही, हसून स्वागत करायचं, पेढा हातावर ठेवायचा. खोलीत मात्र पाय धुऊन, हळू आवाजात, एकेकीने. काही दिवस तर कुणीच नाही. यात कुणाचा अपमान नसतो, आणि ही रीत कुणा बाईला शिकवावीही लागत नाही.

आम्हीही तसंच ठरवलं. रविवारची फेरी सगळ्यांना खुली. नावं मराठीतून सांगायची. प्रत्येक जुन्या माणसाने आपली दुर्बीण एका नव्या माणसाच्या हाती द्यायची. महिन्यातून एक फेरी सकाळी आठची, म्हणजे डबे करून येता येईल. घरट्याचा पत्ता मात्र कुठेही लिहायचा नाही, त्याचा फोटो फिरवायचा नाही, आवाज वाजवायचा नाही. आणि हा नियम नव्यांना जितका, तितकाच मोठ्या लेन्सवाल्या जुन्यांनाही! खरं सांगू? हा शेवटचा मुद्दा काही जणांना जरा जडच गेला.

एप्रिलमधल्या एका रविवारी ते महिला मंडळ आलं. गप्पा झाल्या, डबेही आले. पक्षीही दिसले. मजा म्हणजे सातभाई पाहून एक जण म्हणाली, "हे काऊन भाऊ? कलकल तर आमच्यासारखी करून राह्यले!" तिला सांगितलं, की इंग्रजीत यांना 'सात बहिणी'च म्हणतात. मग काय, हसून हसून पुरेवाट.

पण मला लक्षात राहिली ती एक साठीची बाई. टिटवीचा ओरडा ऐकून ती थांबली. म्हणाली, "अंडी हाय इथं कुठंतरी. टिटवीनं उंचावर घातली का पाऊस जास्त होते, असं म्हणतात." आमच्यातल्या एका मुलाने उत्साहाने विचारलं, "दाखवता का आजी?" तिने त्याचा दंड धरला आणि हळूच मागे ओढलं. "नको जाऊ बापा. आपण जवळ गेलो का थे वरडून वरडून मरते. अन् अंडी उन्हात राह्यते."

ज्यांना नियम समजतील का, म्हणून आम्ही दोन महिने वाद घातला, त्यांच्यातलीच एक बाई आमच्या मुलाला नियम शिकवत होती.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावात असा गट असेल, तर बिनधास्त विचारा, येऊ का म्हणून. नसेल, तर चौघीजणी मिळून सुरू करा. सुरुवातीला दुर्बिणीचीही गरज नाही. गच्चीवर वाळवण घालताना पंधरा मिनिटं निवांत बसा आणि दिसतील ते पक्षी मोजा. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभरातले लोक हेच करतात, भारतातही २०१३ पासून हे चालू आहे. शिवाय ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा. तेव्हा मुलांना, सासूबाईंना, शेजारणीला घेऊन बसा. सासूबाईंना त्यांच्या माहेरची पक्ष्यांची नावं विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पुस्तकात न सापडणारं एखादं नाव नक्की मिळेल.

आणि हो, सुरुवातीला विचारलेल्या त्या पिंगळ्यांचं? पिल्लं उडून जाईपर्यंत मी तरी घरच्यांशिवाय कुणाला सांगणार नाही. एकदा ती उडाली, की मग खुशाल सगळ्या गावाला सांगा. तुम्ही काय कराल, ते मात्र जरूर कळवा.